१६ फुटांची भिंत आणि आठ मीटर मांजरपाट

भाड्याच्या नव्या घरात सामान लावून झालं, खोकी आवरून झाली, तरी बैठकीच्या खोलीत कुणी राहतंय असं वाटेना. दिवाणामागची भिंत १६ फूट लांब आणि १० फूट उंच. पांढरी. तिच्यात ना खिडकी, ना कोनाडा, ना कपाट. समोरची भिंतही तशीच गुळगुळीत. भकास दिसत होतं ते एक वेळ चाललं असतं. पण बाबा श्रवणयंत्र वापरतात. जुन्या घरात आमचं बोलणं त्यांना व्यवस्थित कळायचं, इथे मात्र दर दुसऱ्या वाक्याला "काय म्हणालीस?" सुरू झालं. काही दिवसांनी त्यांनी विचारणंही सोडून दिलं. नुसती मान हलवायचे. ते मला फार लागलं.

खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली की तिच्या मागोमाग एक बारीक, थरथरता नाद उरायचा. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टप्पे घेत राहतो, त्याचा तो नाद. धडधाकट माणसाचा कान तो बऱ्यापैकी बाजूला सारतो. यंत्र मात्र बोलणाऱ्याच्या शब्दाबरोबर भिंतीवरून परत आलेला शब्दही मोठा करून कानात घालतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळले की अक्षरं पुसट होतात. तेव्हा या भिंतीवर जे काही येईल त्याने डोळ्यांबरोबर कानांचंही काम करायला हवं होतं. तेही बेताच्या पैशात, कारण घर बदलण्यातच बरीच शिल्लक संपली होती.

कापडाकडे मी सरळ आले नाही. आधी जुन्या घरातल्या चार तसबिरी ओळीने लावून पाहिल्या. १६० चौरस फुटांवर चार तसबिरी म्हणजे कोऱ्या पानावर चार टिंबं. मग एकच भलंमोठं चित्र काचेच्या चौकटीत लावावं असं मनात आलं आणि हिशोब करून पाहिला. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. तीन चौरस मीटरच्या चित्राला ३ मिलिमीटरची काच घेतली तर नुसती काचच साडेबावीस किलो भरते. चौकट वेगळी, खर्च वेगळा, आणि काच आवाज परत फेकणार ती फेकणारच. तेवढ्याच आकाराचं बऱ्यापैकी जाड सुती कापड ६०० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्या दिवशी कापड पक्कं झालं.

पहिलं कापड मात्र चुकलं. तयार छापील पडदेवजा चित्र मिळतं ना, पातळ पॉलिएस्टरचं, तसं एक साधारण पाच फूट बाय साडेसहा फुटांचं आणलं आणि चार कोपऱ्यांना टाचण्या मारून टांगलं. दोन दिवसांत वरची कड मध्ये झोळीसारखी खाली आली. टाचणीभोवती धागे ओढले जाऊन भोकं मोठी झाली. पाकिटातल्या घड्यांचे चौकोन पाणी मारूनही गेले नाहीत, आणि जास्त गरम इस्त्री लावायची सोय नाही, पॉलिएस्टर वितळतं. रात्री दिवा लावला की सगळं चकाकायचं. नक्षी खरं तर सुंदर होती. पण कापड लेचंपेचं पडलं होतं आणि भिंतीच्या मानाने तेही लहानच दिसत होतं.

तेव्हा आत्याला फोन केला. आत्याने आयुष्यभर शिवणकाम केलंय. कापड हातात घेतलं की दोन बोटांत चुरगाळून ती त्याचा स्वभाव सांगते. ती म्हणाली, "अगं, कापड चार टोकांना बांधून ठेवलंस तर ते लोंबणारच. त्याला वरून सबंध आधार दे आणि खाली वजन दे. मग बघ कसं पडतं ते." 'पडतं' हा शिवणाऱ्यांचा शब्द. कापडाचं पडणं म्हणजे ते स्वतःच्या वजनाने ज्या रेषेत खाली येतं ती रेषा. पुढच्या तीन आठवड्यांत मी जे काही केलं ते शेवटी त्या पडण्यासाठीच होतं. नक्षी, रंग वगैरे त्यानंतरचं.

पण कापड घेण्याआधी आत्याने मला वर्तमानपत्रं चिकटवायला लावली. रद्दीची पानं एकमेकांना जोडून खऱ्या मापाचे कागद करायचे, कागदी चिकटपट्टीने भिंतीवर लावायचे आणि दोन-चार दिवस नुसते येता-जाता पाहायचे. फुकटातलं काम, आणि सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त पैसे यानेच वाचवले असं मी म्हणेन. मला आधी एकच मोठा चौकोन हवा होता. पण साधं सुती कापड बहुधा ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं येतं, त्यामुळे मोठ्या चौकोनाला मध्ये उभी जोडशिवण आली, आणि त्या शिवणीवर कापड आखडतं. जास्त पन्ह्याचं पडद्याचं कापड घ्यायचं तर ते महाग. कागद कापताना उत्तर सापडलं: तीन सुटे उभे पट्टे, प्रत्येक ४० इंच रुंद आणि सात फूट लांब, दोन पट्ट्यांमध्ये सहा इंच मोकळी भिंत. सगळं मिळून रुंदी ११ फूट, दोन्ही अंगांना अडीच-अडीच फूट उरतात. डोळ्याला ते एकच मोठं काम वाटतं, आणि शिवायला मात्र तीन सोपे तुकडे.

उंचीचंही कागदानेच शिकवलं. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवावा असा चित्रदालनांचा ठोकताळा आहे, तो मी जसाच्या तसा लावला. तर सात फुटी पट्ट्याचं खालचं टोक जमिनीपासून १६ इंचांवर, म्हणजे थेट दिवाणाच्या मागे गेलं. तो ठोकताळा चित्रांसाठी ठीक आहे, माणसाहून उंच कापडाला तो लागू पडत नाही. शेवटी खालची कड २४ इंचांवर ठेवली, दिवाणाच्या बैठकीहून थोडी वर. वर छतापर्यंत एक फूट उरला. कागद चार दिवस तसेच राहिले. बाबा रोज संध्याकाळी दिवाणावर बसून जुन्या बातम्या वाचायचे.

कापड म्हणून मांजरपाट घेतलं, जाडसर, विनाधुलाईचं. त्याचा पिवळसर पांढरा रंग आणि मधूनमधून दिसणारे सरकीचे तपकिरी ठिपके मला फार आवडतात. आणि सुती कापडांत याहून स्वस्त क्वचितच काही मिळतं. हिशोब असा केला: तयार लांबी ८४ इंच, वर नळी ओवायच्या नेफ्याला साडेतीन, खाली दुमडायला साडेतीन, झाले ९१. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात पाच टक्क्यांपर्यंत आटतं असं धरलं तर ९६ इंच, म्हणजे जवळपास अडीच मीटर. तिन्ही पट्ट्यांना साडेसात. मी आठ मीटर घेतलं आणि सारखे तीन तुकडे केले, प्रत्येकी २६६ सेंटीमीटर. तो अर्धा मीटर जास्तीचा घेतला नसता तर पुढे रडायची पाळी आली असती.

रंगवायचं मी ठरवलं होतं. तळाला गडद निळा आणि वर येता येता विरत जाऊन साधं मांजरपाट, असं काहीतरी. सुती कापडासाठी थंड पाण्यात धरणारे रंग मिळतात. त्यांना मीठ आणि धुण्याचा सोडा लागतो. सोड्यामुळे रंग धाग्याशी पक्का जोडला जातो आणि नंतर धुण्यात सहसा जात नाही. पहिला तुकडा घाईघाईने थंड पाण्यात खळबळून घेतला आणि रंगाच्या बादलीत सोडला. बाहेर आला तो डागाळलेला. एका जागी गर्द, शेजारी तळहाताएवढा पांढरा ढग, त्यापलीकडे पुन्हा गर्द. मी तो तुकडा दोरीवर घालून त्याच्याकडे बघत बसले. आता तो वाया गेला असंच वाटलं.

आत्या आली ती दुसऱ्या दिवशी. तिने डागाळलेल्या तुकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. न रंगवलेल्या तुकड्यापैकी एक जमिनीवर पसरला, बोट पाण्यात बुडवलं आणि एक थेंब कापडावर सोडला. थेंब तसाच राहिला. गोल, चकचकीत, अळवाच्या पानावर असतो तसा. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो. किती तरी वेळ तो कापडात शिरेना. "हे बघ," आत्या म्हणाली, "याने अजून पाणीच पिलेलं नाही, रंग काय पिणार?"

कापसाच्या धाग्यावर मुळातच मेणासारखा एक थर असतो. शिवाय विणताना ताण्याचे, म्हणजे उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ देतात. कोऱ्या मांजरपाटात हे दोन्ही भरलेलं असतं, आणि थंड पाण्याने ते निघत नाही. मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा आणि थोडी साबणाची पूड घालून एकेक तुकडा तासभर उकळला. पाणी पिवळट तपकिरी झालं, एवढं की ते कापडातून निघालंय यावर विश्वास बसू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवल्यावर पुन्हा थेंब सोडला. या वेळी तो टेकताक्षणी गडप झाला. राहिला तो नुसता एक ओला ठिपका. कुणी घरी कापड रंगवणार असेल तर बाकी काही विसरलं तरी हा थेंब विसरू नये.

उकळण्याचा दुसरा फायदा आटण्याचा. डागाळलेला तुकडा थंड पाण्यात जेमतेम चार सेंटीमीटर आटला होता. उकळल्यावर तिन्ही तुकडे २६६ वरून २५४ वर आले, साडेचार टक्के. शिवून टांगल्यावर पहिल्या धुण्यातच हे झालं असतं तर तिन्ही पट्टे आखडून दिवाणापासून चार इंच वर गेले असते.

रंगवतानाची एक गोष्ट सांगते. वर विरत जाणारा रंग हवा असेल तर कापड आधी ओलं करून पिळून घ्यावं. कोरडं कापड बुडवलं तर रंगाची कड सुरीने कापल्यासारखी उमटते. ओल्या कापडात रंग हळूहळू वर चढतो. तुकड्याचं वरचं टोक शिडीला बांधून खालचे अडीच फूट बादलीत सोडले आणि दर दहा मिनिटांनी चार बोटं वर ओढत गेले. तळाचा भाग सगळ्यात जास्त वेळ रंगात राहतो, म्हणून तो सगळ्यात गडद. रंगाची पूड हाताळताना नाकातोंडावर मुखपट्टी आणि हातात मोजे हवेत; ती पूड श्वासात जाणं चांगलं नाही. आणि रंगाची बादली, ढवळायची काठी पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाही. डागाळलेल्या तुकड्यावर मी तोच निळा दुप्पट वेळ चढवला. ढग पूर्ण गेले नाहीत, पण गडद निळ्यात मिसळून खोल पाण्यासारखे दिसू लागले. आज घरी येणारं माणूस तिन्ही पट्ट्यांत त्याच्यापाशीच जास्त वेळ थांबतं.

शिवणाचा दिवस आत्याचा. तिने कात्री लावायच्या आधी प्रत्येक तुकड्याच्या टोकाजवळ एक आडवा धागा सुईने उचलला आणि तो हळूहळू ओढत नेला. धागा निघाला तिथे कापडात एक बारीक मोकळी रेघ पडली, आणि त्या रेघेवरून कापलं. दुकानात कापड फाडताना-कापताना ते तिरकं होतं, आणि तिरकं कापलेलं कापड कितीही सरळ शिवलं तरी टांगल्यावर एका कोपऱ्याकडे ओढ घेतं. मग दोन्ही बाजूंचे काठ अर्धा-अर्धा इंच काढून टाकले. मला वाटलं होतं की काठ तयारच आहे, दुमडायचं काम वाचेल. आत्या म्हणाली, "काठ घट्ट विणलेला असतो. तो आटला की मधलं कापड फुगतं आणि कडेला चुण्या पडतात. काढ तो." बाजू दुमडून शिवल्यावर रुंदी बरोबर ४० आली. कर्ण मोजले, दोन्ही सारखे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले म्हणजे चारही कोन काटकोनात आहेत.

वरचा नेफा तीन इंची, म्हणजे इंचाची नळी आत सैल फिरते. नेफा तंग झाला की नळीवर कापड आवळतं आणि वरपासून आठ्या उमटतात. खालची घडी मात्र आत्याने त्या दिवशी शिवूच दिली नाही. पट्टे दाराच्या चौकटीवर काठीला लावून दोन रात्री नुसते टांगून ठेवले. "आधी त्याला त्याच्या वजनाने उतरू दे. मग खालची रेघ मार." खरंच, एक पट्टा बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच जास्त उतरला. मग जमिनीपासून मोजून खालची कड आखली आणि शिवली. खालच्या घडीत ६ मिलिमीटरची लोखंडी सळई घातली. तिचं वजन मीटरला साधारण २२२ ग्रॅम, म्हणजे ओझं असं काही नाही, पण तेवढ्याने कापड कसं ताठ उतरलं! सळईला आधी तैलरंगाचा हात दिला, नाहीतर पावसाळी हवेत गंजाचे डाग कापडावर येतात. घडीचं एक टोक उघडं ठेवलंय. धुताना सळई काढता येते.

मागचं अस्तर म्हणजे घरातली तीन जुनी ब्लँकेटं. पांघरायच्या कामाची राहिली नव्हती, विरलेली, पण जाड. ती पट्ट्याहून दोन-दोन इंच आखूड कापून फक्त वरच्या कडेला शिवली. खाली आणि बाजूंना मोकळी सोडली. दोन वेगळी कापडं चारही बाजूंनी एकत्र शिवली तर हवेतल्या ओलीने एक ताणतं, एक आखडतं, आणि दर्शनी बाजू सुरकुतते. ही ब्लँकेटं कुणाला दिसत नाहीत. कानाचं निम्म्याहून जास्त काम तीच करतात. एकेरी पातळ कापडाने आवाज फारसा शोषला जात नाही, ही गोष्ट मला इथे स्पष्ट लिहायची आहे, कारण नुसता पडदा लावला की खोली शांत होते असा अनेकांचा समज असतो. जाडी हवी, आणि भिंतीपासून थोडं अंतर हवं. भिंतीला टेकलेल्या जागी आवाजाने होणारी हवेची हालचाल जवळपास थांबलेली असते. काही इंच पुढे ती जोरात असते आणि तिथे कापडाच्या धाग्यांत ती अडते. आमचं अंतर तीन इंच आहे, ते सुमारे ११०० हर्ट्झच्या आवाजाला सगळ्यात जास्त मानवतं, म्हणजे बोलण्याच्याच टप्प्यात. ढोलासारख्या खर्जातल्या आवाजावर याचा परिणाम नगण्य.

वॉलेस सेबिन या भौतिकशास्त्रज्ञाला १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहाचं दुखणं शोधायला सांगितलं होतं. तिथे एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सेबिनने दुसऱ्या एका सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, थोड्या थोड्या वाढवत गेला आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजत राहिला. गाद्या वाढल्या की घुमणं कमी. खोलीतला आवाज मोजायचं आजचं शास्त्र त्या गाद्यांपासून सुरू झालं. हे वाचलं तेव्हा आपण जुनी ब्लँकेटं शिवतोय याचं मला फार बळ आलं.

भिंतीचं काम थोडक्यात सांगते. आधी ओल पाहिली: प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस भिंतीवर ठेवला. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं असतं तर भिंतीत ओल आहे असं समजून बेत थांबवावा लागला असता, कारण कापडामागे बुरशी धरली की ती लवकर कळत नाही. कोरडं निघालं. घरमालकांना भोकांबद्दल विचारून घेतलं. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावायचं नाही, आतून तार गेलेली असते. ११ फुटांची रेघ समतल काढायला गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेतली. तेव्हा कळलं की आमचं छतच एका बाजूला अर्धा इंच उतरलेलं आहे. छत पाहून लावावं की पाणी पाहून? मी पाण्यावर विश्वास ठेवला. बसणाऱ्याच्या नजरेला खालची कड आणि दिवाण जवळ आहेत, छत लांब.

आणि इथे दुसरी चूक झाली. भोकं कमी पडावीत म्हणून मी १२ फुटांची एकच ॲल्युमिनियमची नळी दोन टोकांना दोन आधार देऊन लावली आणि तिन्ही पट्टे तिच्यात ओवले. ब्लँकेट आणि सळई धरून एकेक पट्टा दीड किलोच्या आसपास. नळी मधोमध चांगली दोन इंच वाकली. मधला पट्टा खाली, कडेचे दोन आतल्या बाजूला कललेले. तीन आठवड्यांची मेहनत भिंतीवर वाकडी लोंबत होती आणि मला वाटलं, आता जाड लोखंडी नळी घ्यावी लागणार, म्हणजे खर्च दुप्पट.

बाबा दिवाणावर बसून बघत होते. त्यांची सगळी नोकरी कारखान्यात गेली. ते उठले, नळीखाली हात देऊन मधोमध जरा उचलून पाहिलं आणि म्हणाले, "नवीन कशाला? हीच काप. तीन कर." मग कागदावर हिशोबही करून दाखवला: दर फुटाला तेवढंच वजन असेल तर नळीचा झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. लांबी तिसरा हिस्सा केली की झोळ ८१ पटीने कमी. दोन इंचांचा झोळ मिलिमीटरच्या आत येतो. लोखंड कापायच्या करवतीने त्यांनीच नळीचे ४४ इंचांचे तीन तुकडे केले, फूटभर उरला, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. प्रत्येक तुकड्याला दोन हूक, भिंतीपासून तीन इंच पुढे आलेले. आधीची दोन भोकं वापरात आली, चार नवी पडली. पट्टे लावले, वरून बारीक फवाऱ्याने पाणी मारलं आणि रात्रभर तसेच सोडले. सकाळी कापडावर एक सुरकुती नव्हती.

टाळी वाजवून पाहिली. तो बारीक नाद जवळजवळ गेला होता. पूर्ण गेला असं म्हणणार नाही. फरशीवर जाजम आणि समोरच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी आल्यावर आणखी फरक पडला. पण पट्टे लागले त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारातून काहीतरी किरकोळ विचारलं आणि बाबांनी मान न हलवता उत्तर दिलं. आत्या माझ्याकडे बघून हसली.

खर्चाचं विचाराल तर सर्वांत कमी पैसे कापडाला लागले, सर्वांत जास्त नळी, हूक आणि ड्रिलच्या भाड्याला. माझ्या मते हेच प्रमाण योग्य. साधं कापड चांगल्या आधारावर राजेशाही दिसतं. महाग कापड टाचण्यांवर टांगलं की त्याचीही चिंधी होते. आणि हे सगळं आमच्याबरोबर पुढच्या घरी येणार आहे. वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए भिंतीवरच्या विणलेल्या कापडाला 'भटकं भित्तिचित्र' अशा अर्थाचं नाव द्यायचा. घर बदलणारा माणूस ते गुंडाळून काखेत मारून नेऊ शकतो म्हणून. चंदीगडच्या उच्च न्यायालयासाठी त्याने प्रचंड विणलेली कापडं आखून दिली होती, आणि न्यायालयाच्या दालनांत आवाज घुमू नये हाही त्यांचा एक उद्देश होता. आपलं मांजरपाट त्या घराण्यातलं, असं मी आत्याला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "त्यांनी काठ काढले होते का?"

आता निगेचं. दर पंधरा दिवसांनी व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना पायमोजा बांधून धूळ ओढून घेते. मोज्यामुळे कापड आत खेचलं जात नाही. रात्रीचा उभा दिवा कापडाला लागून होता, तो हातभर दूर केला. ब्लँकेट आणि सुती कापड दोन्ही पेट घेतात. ऊन मात्र टाळता येत नाही. डाव्या बाजूच्या खिडकीतून सकाळी दोन तास येतं. उजेडाने रंग उडतो तो परत येत नाही आणि साठत जातो, म्हणूनच संग्रहालयांत जुन्या कापडांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. घरात तेवढा अंधार करून कोण राहणार? तिन्ही पट्टे एकाच मापाचे असल्याने आम्ही दर चार महिन्यांनी त्यांच्या जागा बदलतो, म्हणजे रंग उडेल तो तिघांचा सारखा. गेल्या रविवारी डागाळलेला पट्टा मधोमध आला आणि मधला खिडकीशी गेला. पुढच्या अदलाबदलीची तारीख बाबांनी नेफ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.